वस्तऱ्याच्या मुठीची कड: आखणीपासून शेवटच्या हातापर्यंत

हाताने केलेली वस्तऱ्याची मूठ किती निगुतीने केली आहे, हे ओळखायला पातं उघडावं लागत नाही. मूठ खिडकीपाशी धरायची आणि कडेवरून जाणारी उजेडाची रेघ बघायची. ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकाच रुंदीची, न तुटता गेली असेल तर करणाऱ्याने काम मनापासून केलं आहे. मध्येच फुगली, पुढे बारीक झाली, तर लाकूड कितीही उंची असो, मूठ उरकून टाकल्यासारखी दिसते. नव्याने शिकणाऱ्यांचा सगळा वेळ लाकूड निवडण्यात आणि पिनांसाठी पितळी तार शोधण्यात जातो. कड मात्र ‘शेवटी पॉलिश पेपर फिरवू’ यावर सोडलेली असते. म्हणून हा लेख फक्त कडेवर आहे.

आधी शब्द ठरवून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ होणार नाही. घडीच्या वस्तऱ्याची मूठ दोन पट्ट्यांची असते. पातं ज्या पिनेवर फिरतं ते मुठीचं डोकं. दुसरं टोक शेपूट. तिथे दोन पट्ट्यांच्या मध्ये पाचर बसवलेली असते. मिटताना पातं ज्या बाजूने आत शिरतं तो तोंडाचा काठ, त्याच्या समोरचा पाठीचा काठ. पट्टीचं बाहेरचं अंग आणि काठ जिथे मिळतात तो कोपरा कापून जी उतरती पट्टी तयार होते, तिला तिरपी कड किंवा कारखान्यातल्या भाषेत चॅम्फर म्हणायचं. पात्याच्या धारेलाही असा उतार, म्हणजे बेव्हल, असतो. त्याचा इथे काही संबंध नाही.

कडेला एवढं महत्त्व का? दाढी करताना मूठ वर वळलेली असते आणि अनामिका व करंगळीच्या बेचक्यात येते. तिथली कातडी मऊ असते, हात साबणाने ओला असतो. कोपरा उभा ठेवला तर तो टोचतो. सगळं गोटीसारखं गोल केलं तर मूठ ओल्या बोटांत फिरते. या दोहोंच्या मधलं माप कडेतूनच मिळतं.

पातं बाजूला, मगच कानस हातात

जुन्या वस्तऱ्याला नवी मूठ करत असाल तर पहिलं काम पिना काढायचं. पिनेचं चपटं केलेलं डोकं बारीक कानशीने घासून सपाट करायचं आणि बारीक पंचने पिन बाहेर ठोकायची. पात्याला लगेच मास्किंग टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि ते खणात ठेवा. मुठीवर काम चालू असताना पातं टेबलावर असण्याचं काहीच कारण नाही. जुन्या पट्ट्या टाकू नका. नव्या पट्ट्यांची लांबी आणि भोकांचं अंतर त्यांच्यावरून घेता येतं.

जुनी मूठ पिवळट, हस्तिदंतासारखी दिसत असेल तर ती अंगठ्याने जोरात चोळून हुंगा. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड आहे. सेल्युलॉइड भडकन पेटतं, त्यामुळे तापलेली सुई लावून पारख करायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका. जुनं झालेलं सेल्युलॉइड स्वतःच कुजत जातं आणि त्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने पातं गंजतं. मुठीच्या आत लपणाऱ्या भागातच पात्यावर गंज दिसला तर बहुधा हेच कारण असतं. अशी मूठ बदललेलीच बरी.

कशाची मूठ?

पहिल्या मुठीसाठी माझं मत शिसवी लाकडाला. दाट आहे, कानशीखाली पिंजत नाही आणि कापलेला कोपरा टिकवून धरतं. सागवान सहज मिळतो, पण तीन मिलिमीटरच्या पट्टीत त्याचे उघडे छिद्रमार्ग कडेवर लगेच दिसतात आणि कडेची रेघ तुटक वाटते. खैर कठीण आणि सुंदर, पण घासायला चिकाटी लागते. लाकूड कोणतंही घ्या, पट्टीच्या आकारात जाडसर कापून काही आठवडे घरातच पडू द्या. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, ताजी कापलेली पातळ पट्टी रातोरात बाक घेते आणि मग कितीही चांगली कड मारली तरी दोन पट्ट्या एकमेकींना जुळत नाहीत.

म्हशीचं शिंग हा या कामातला जुना माल. एकोणिसाव्या शतकातल्या शेफील्डच्या वस्तऱ्यांना पुष्कळदा शिंगाच्याच मुठी असत; शिंग तापवून मऊ करायचं आणि साच्यात दाबायचं, अशी ती पद्धत. आपल्याकडे उत्तर प्रदेशातलं संभल हे शिंग आणि हाडाच्या कामाचं मोठं ठिकाण आहे. शिंग घेताना ते पाळीव म्हशीचंच आहे याची खात्री करा. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या शिंगाला हात लावायचा नाही. शिंग थराथराने वाढतं. विकत घेतलेल्या तुकड्याच्या काठावर बारीक फटी दिसत असतील तर तो घेऊ नका, कड मारताना नेमका तिथूनच पापुद्रा सुटतो.

जी-१० आणि मायकार्टा (रेझिनमध्ये दाबून बसवलेले कापडाचे किंवा कागदाचे थर) हे कृत्रिम पर्याय. पाणी लागून फुगत नाहीत आणि कोपरा अगदी कडक धरतात. पण जी-१० म्हणजे इपॉक्सीत बसवलेलं काचेच्या तंतूंचं कापड. त्याची धूळ फुप्फुसात जाता कामा नये. शिंग, हाड आणि शिसव यांची धूळही त्रासदायकच. एन-९५ मास्क लावा, काम ओल्यात करा आणि धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा.

हत्यारं फार लागत नाहीत. आठ इंची अर्धगोल कानस, सहा इंची चपटी बारीक कानस, नीडल फाइलचा एक संच, फ्रेट सॉ (वळणं कापायची बारीक पात्याची करवत), कानशी साफ करायला वायर ब्रश, पॉलिश पेपर आणि काळा वॉटर पेपर, जाड काचेचा सपाट तुकडा. पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर हे सगळं एका फेरीत होतं. कानस नवी घ्या. लोखंडावर घासून बोथट झालेली कानस लाकडावर नुसती घसरते, मग आपण दाब वाढवतो आणि पट्टी बिघडते.

बाहेरची रेषा आधी पक्की करा

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: कड बाहेरच्या रेषेची चूक झाकत नाही, ती मोठी करून दाखवते. पट्टीच्या काठात अर्ध्या मिलिमीटरचा खळगा असेल तर साध्या डोळ्याला तो कळतही नाही. पण त्या काठाला समांतर तिरपी कड मारली की खळग्याच्या दोन्ही रेघा वाकतात, उजेड तिथे अडखळतो आणि नजर थेट तिथेच जाते. तिरप्या कडेवर घालवायचा निम्मा वेळ खरं तर तिच्या आधी, काठावर घालवायचा असतो.

दोन्ही पट्ट्या एकत्र जोडून घासल्या तरच त्या जुळतात. आतली अंगं काचेवर ठेवलेल्या १८० नंबरच्या कागदावर घासून सपाट करा. दोन्ही आतल्या अंगांवर मास्किंग टेप लावा, टेपच्या पाठीवर सुपरग्लूचे चार थेंब टाका आणि पट्ट्या एकमेकींवर दाबा. काम झाल्यावर टेप सोलून निघते, लाकडाला गोंद लागत नाही. पिनांची भोकं याच वेळी, कड मारायच्या आधी पाडायची. कड मारलेली पट्टी ड्रिलखाली सपाट बसत नाही आणि भोक तिरकं जातं. पिनेची तार १.६ मिमीची असेल तर भोकही १.६ मिमीच्या बिटाने, ड्रिल स्टँडवर, काटकोनात. भोकांत तारेचे तात्पुरते तुकडे घालून ठेवा, म्हणजे घासताना पट्ट्या सरकणार नाहीत.

आता जोडी व्हाइसमध्ये धरा. व्हाइसच्या जबड्यांवर चामड्याचे तुकडे हवेतच. काठ घासताना कानस लांबीच्या दिशेने, थोडी तिरकी धरून, लांब हाताने चालवा. तोकड्या हाताने खळगे पडतात. मधूनमधून जोडी डोळ्याच्या पातळीला धरून काठावरून नजर लावा, सुतार फळी बघतो तशी. काठ दोन्ही अंगांना काटकोनात आहे का, हे लहान गुण्याने (सुताराच्या काटकोन्याने) तपासा. काठ एका बाजूला कललेला असेल तर एका पट्टीची कड रुंद आणि दुसरीची अरुंद येणार, हे नक्की.

काठ २४० नंबरपर्यंत घासून होईपर्यंत कडेचा विचारही करू नका.

माप ठरवणं आणि आखणं

पट्टी साधारण ३ मिमी जाडीची धरू. बाहेरच्या अंगावर काठापासून १ मिमी आणि काठावर बाहेरच्या अंगापासून १ मिमी, अशा दोन रेघा आखल्या आणि त्यांच्यामधला कोपरा काढला की ४५ अंशांची कड मिळते. उतरत्या पट्टीची रुंदी सुमारे १.४ मिमी आणि काठाला २ मिमी सपाटी उरते. पहिल्या मुठीला हेच माप घ्या. बोटाला पुरतं, आणि हात थोडा चुकला तरी सुधारायला जागा राहते.

जरा पसरट, ऐटदार कड हवी असेल तर अंगावर २ मिमी आणि काठावर १.१५ मिमी घ्या. कोन सुमारे ३० अंशांचा होतो. मात्र इथे डोक्याकडे लक्ष ठेवायचं. पिनेच्या टोकाखाली लहान वॉशर बसतो, चार-पाच मिलिमीटर व्यासाचा. तो पूर्ण सपाट जागेवर बसायला हवा. डोक्याची रुंदी १२ मिमी असेल तर दोन्हीकडून दोन-दोन मिलिमीटर गेल्यावर मध्ये ८ मिमी उरतात, ते पुरेसे आहेत. डोकं त्याहून अरुंद असेल तर पसरट कड तिथे बसणार नाही. वॉशर एका कडेने उचललेला राहिला तर पिन ठोकताना पट्टी तिथेच तडकते.

आखायला मार्किंग गेज, म्हणजे काठाला समांतर रेघ ओढायचं हत्यार, असेल तर उत्तम. नसेल तर टोकदार पेन्सिल चिमटीत धरायची, मधल्या बोटाचं नख काठाला टेकवायचं आणि बोट काठावरून सरकवत रेघ ओढायची. थोड्या सरावाने ही रेघ गेजइतकी सरळ येते आणि वळणावर तर गेजपेक्षा बरी येते. काळ्या शिंगावर किंवा जी-१०वर पांढरी पेन्सिल वापरा. त्यावरही दिसत नसेल तर कडेवर मास्किंग टेप लावून तिच्यावर रेघ आखा आणि रेघेवर ब्लेडने टेप कापा. टेपची कड हीच मग तुमची हद्द.

दोन्ही रेघा दोन्ही पट्ट्यांवर, पूर्ण फेर घालून आखायच्या. एकच रेघ आखून कोन ‘हाताने’ धरणारे बरेच असतात. कोन हातात राहत नाही. दर दहा हातांनी मनगट थोडं फिरतं. दोन रेघा असल्या की कोनाचा विचारच करावा लागत नाही, दोन्हींपर्यंत एकाच वेळी पोचायचं एवढंच.

पट्ट्या सुट्या करून कड मारणार असाल तर आधी प्रत्येकीच्या आतल्या अंगावर पेन्सिलने ‘आत’ असं लिहा. दोन पट्ट्या एकमेकींचं प्रतिबिंब असतात. न लिहिता सुरुवात केली तर दोन्ही डाव्याच पट्ट्या तयार होण्याची भीती असते. मला विचाराल तर सुट्या करूच नका. जोडी सहा मिलिमीटर जाड, म्हणून ताठ असते. सुटी पट्टी कानशीखाली वाकते आणि वाकलेल्या पट्टीवर मारलेली कड मधे उथळ, टोकांना खोल येते.

कानस चालवताना

सरळ भागापासून सुरुवात करा, वळणं नंतर. बारीक दातांची चपटी कानस घ्या, तिच्यावर खडू चोळा. भुसा दातांत अडकत नाही. पहिले काही हात अगदी हलके, फक्त कोपरा मोडण्यापुरते. एक बारीक चकाकती रेघ दिसू लागेल. ती दोन्ही आखलेल्या रेघांपासून सारख्या अंतरावर आहे का बघा. एका बाजूला झुकली असेल तर आत्ताच कानशीचा कोन बदला. आत्ता ते दोन हातांचं काम आहे, रेघेपाशी पोचल्यावर नाही.

मग लांब हात, पुढे जातानाच दाब, परत येताना कानस उचलून. प्रत्येक हात आधीच्या हाताच्या निम्म्यावर चढलेला असावा. एकाच जागी घासत बसू नका. पूर्ण लांबीवर एक फेरी, मग दुसरी, असं करत कड सगळीकडे एकदम खाली न्यायची. रेघेच्या अलीकडे साधारण पाव मिलिमीटरवर कानस ठेवून द्या. उरलेलं पॉलिश पेपरचं काम आहे. रेघेपर्यंत कानशीनेच गेलात तर कानशीचे ओरखडे काढता काढता रेघ ओलांडली जाते.

लाकडाच्या रेषांची दिशा बघत चला. पट्टीला बाक असतो, त्यामुळे रेषा काठाला कुठेतरी तिरक्या मिळतात. फुगीर भागावर मध्यापासून टोकांकडे उतारावर घासा, खोलगट भागात टोकांकडून मध्याकडे. उलट गेलात तर धागा उचलला जातो आणि कडेवर टवका निघतो. टवका निघालाच तर तो तुकडा फेकू नका, पातळ सुपरग्लूच्या एका थेंबाने तिथेच बसवा आणि वाळल्यावर उलट दिशेने घासा.

खोलगट बाकात चपटी कानस चालत नाही. तिच्या दोन कडा रुततात आणि मधे काही घासलंच जात नाही. तिथे अर्धगोल कानशीचं फुगीर अंग घ्या, आणि ती पुढे ढकलताना बाजूलाही थोडी सरकू द्या. अशा दुहेरी हालचालीने खळगा पडत नाही.

आता डोकं आणि शेपूट. सगळ्यात जास्त मुठी इथे बिघडतात, आणि त्याचं कारण सरळ आहे. लहान वळणावर कानस एका वेळी अगदी थोड्या जागेला टेकते. सगळा दाब तेवढ्याच जागेवर येतो आणि माल भराभर निघतो. सरळ भागावर सवय झालेला दाब तसाच ठेवला तर डोक्यापाशी कड रुंद होते. दाब निम्म्याहून कमी करा आणि वळण एकदम गोल फिरवायचा मोह टाळा. आधी वळणावर लहान लहान सपाट कापे घ्या: एक मधोमध, मग त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, मग त्यांच्या मधल्या कोपऱ्यांवर. प्रत्येक कापा दोन्ही रेघांना एकाच वेळी पोचला की थांबायचं. कापे समान पडले की मनगट फिरवून कानशीचे चार हलके हात दिले तरी ते एकमेकांत मिसळतात. शेपटीपाशी लाकडाचे धागे आडवे कापलेले असतात, तिथे कानस बाहेरून आतच न्या. आतून बाहेर नेली की टोकाचा कोपरा निखळतो.

शिंगावर घासताना हात मधूनमधून थांबवून बोट लावून बघा. गरम लागलं की थांबा. शिंग उष्णतेने मऊ पडतं, आणि पातळ पट्टी गरम असताना वाकली तर थंड झाल्यावर तशीच राहते.

गोल कड हवी असेल तर

शिंगाला माझ्या मते गोल कडच शोभते. जुन्या शिंगाच्या मुठी हातात घेतल्या की ते पटतं. पण गोलाईसुद्धा तिरप्या कडेतूनच काढायची. थेट गोल घासायला गेलं की कुठे पसरट, कुठे टोकदार होते. समजा २ मिमी त्रिज्येची गोलाई हवी आहे. काठापासून आणि अंगापासून १.२ मिमीवर रेघा आखून ४५ अंशांची कड मारा. मग तिच्या वरच्या आणि खालच्या कोपऱ्यावर आणखी एकेक बारीक कड. आता एका कोपऱ्याच्या जागी चार बोथट कोपरे झाले. कापडी पाठीच्या पॉलिश पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा, तिची दोन टोकं दोन हातांत धरा आणि बूट चमकवायला फडकं ओढतात तशी कडेवरून आडवी ओढत पुढे सरका. कोपरे विरघळून एकसंध गोलाई येते. नीट आखलेल्या कापांवर हे काम पाच-दहा मिनिटांत होतं.

पॉलिश पेपर

तिरपी कड टिकवायची असेल तर कागदाच्या मागे काहीतरी कडक हवं. बोटाने घासलेला कागद कोपऱ्यावर वाकतो आणि तुम्ही कष्टाने काढलेली रेघ पुसून टाकतो. सपाट पट्टीवर, अगदी शाळेच्या फूटपट्टीच्या तुकड्यावरही, दुहेरी टेपने कागद चिकटवा. खोलगट भागासाठी पेन्सिलीला किंवा जाड डॉवेलला (गोल लाकडी दांडीला) कागद गुंडाळा. गोल कडेला याउलट मऊ पाठ हवी. जाड चामड्याचा तुकडा छान चालतो.

१८० पासून सुरुवात, मग २४०, ३२०, ४००. प्रत्येक नंबर आधीच्यापेक्षा थोड्या वेगळ्या दिशेने घासा, म्हणजे जुने ओरखडे नव्यांच्या आडवे दिसतात आणि ते सगळे गेले का ते कळतं. नंबर बदलताना पट्टी पुसा. खरखरीत कागदाचा एक कण पुढच्या कागदाखाली राहिला तर तो लांब चरा पाडतो. खोलीतले दिवे मालवून टॉर्च पट्टीच्या अगदी लगत, आडवी धरा. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणाऱ्या कानशीच्या खुणा आडव्या उजेडात उठून दिसतात. १८० वर राहिलेला ओरखडा ६०० वर जात नाही, फक्त चकचकीत होतो. तो दिसला तर मागे जायचं, दुसरा उपाय नाही.

क्रमाची एक गोष्ट. आधी काठ, मग तिरपी कड, आणि बाहेरचं अंग सगळ्यात शेवटी. बाहेरचं अंग काचेवर ठेवलेल्या कागदावर सपाट घासलं की अंग आणि कड यांच्यामधली रेघ पुन्हा कोरून काढल्यासारखी येते. क्रम उलटा केला तर कड घासताना कागद अंगावर चढतो आणि ती रेघ मऊ पडते.

४०० झाल्यावर पट्ट्या सुट्या करा. टेपचा चिकटा लाकडावर राहिला असेल तर स्पिरिटने पुसा. ॲक्रिलिकच्या मुठीला ॲसिटोन लावू नका, ते विरघळतं. लाकूड असेल तर ओलसर फडक्याने एकदा पुसा, पूर्ण वाळू द्या, आणि उठलेले धागे ४०० नंबरच्या जुन्या झालेल्या कागदाने हलक्या हाताने काढा. हे आता केलं नाही तर पहिल्याच दाढीत, साबणाच्या पाण्याने, मूठ खरखरीत होते.

आतल्या अंगाच्या कडा विसरू नका. तिथे तिरपी कड मारायची नाही. फक्त कोपरा मोडायचा, पाव मिलिमीटरच्या आत. तोंडाच्या काठावर हे जास्त गरजेचं, कारण मिटताना पातं किंचित कललं तर उभ्या कोपऱ्यावर धार आदळते. पाचर जिथे बसते तेवढा भाग मात्र अजिबात मोडू नका, नाहीतर पाचर आणि पट्टी यांच्यात फट दिसते आणि तिथे पाणी साचतं.

तेल, गोंद की नुसती चकाकी

फिनिश निवडण्याआधी कडेवरची प्रत्येक धारदार रेघ ६०० च्या कागदाने एकदाच, न दाबता, अलगद मोडून घ्या. डोळ्याला ती तशीच कडक दिसेल, पण कोणताही पातळ थर अगदी उभ्या कोपऱ्यावर टिकत नाही. तो दोन्ही बाजूंना ओढला जातो आणि कोपऱ्यावर नावापुरता उरतो. काही महिन्यांत कडेवरून रंग उडालेल्या मुठी दिसतात, त्यात पुष्कळदा हेच झालेलं असतं.

शिसवीला मी जवसाचं तेल देतो, रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ म्हणून मिळतं ते. फडक्याने पातळ हात द्यायचा, पंधरा मिनिटांनी वर राहिलेलं सगळं पुसून काढायचं, दिवसभर वाळू द्यायचं. असे चार-पाच हात. पावसाळ्यात दोन हातांमध्ये जास्त दिवस जाऊ द्या. शेवटी मेण. तेलाचं भिजलेलं फडकं चुरगळून टोपलीत टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून मग टाका.

लाखेचं पॉलिश दिसायला सुरेख, पण वस्तऱ्याला ते देऊ नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. पातं निर्जंतुक करायला वापरलेलं स्पिरिट, आफ्टरशेव्ह, दोन्ही तिचे वैरी, आणि गरम पाण्याने ती पांढुरकी पडते.

पाण्याला सगळ्यात चांगलं टिकतं ते पातळ सुपरग्लूचं फिनिश. कागदी रुमालाच्या घडीने पातळ थर भराभर द्यायचे, मधे नीट वाळू द्यायचं, मग वॉटर पेपरने ओलं घासायचं. धोका पुन्हा कडेवरच: घासताना थर पहिल्यांदा कडेवर संपतो आणि तिथे उघडं लाकूड फिकट ठिपक्यासारखं दिसतं. कडेवर दोन थर जास्त द्या आणि घासताना कडेला सगळ्यात शेवटी, सगळ्यात कमी हात लावा. खिडकी उघडी ठेवा; त्याची वाफ डोळ्यांना झोंबते.

शिंगाला थर लागत नाही, त्याची स्वतःची चकाकी पुरेशी. ६००, १०००, २००० असं ओल्यात घासा, पण पाण्यात भिजत ठेवू नका, शिंग पाणी पितं आणि वाकडं होतं. मग सुती कापडाच्या चाकावर पांढरं बफिंग पॉलिश. कडेपाशी एक काळजी घ्या: चाक नेहमी कडेवरून बाहेर सुटेल असं धरा. फिरतं चाक कडेवर समोरून आदळलं तर पट्टी हातातून हिसकावून भिंतीवर फेकतं. चाक नसेल तर जीन्सच्या कापडावर तेच पॉलिश घेऊन हातानेही काम होतं, वेळ जास्त लागतो. जी-१० आणि मायकार्टा ६०० वर थांबवले तर ओल्या हाताला पकड चांगली देतात. मी त्यापुढे जात नाही.

पिना ठोकताना कड सांभाळा

कड आणि फिनिश पूर्ण झाल्यावरच जोडणी. पट्टीवर, वॉशरभोवती, मास्किंग टेपचे दोन थर लावा, हातोडी घसरली तर ओरखडा टेपवर जाईल. तार दोन्ही बाजूंना वॉशरच्या वर अर्धा ते पाऊण मिलिमीटर ठेवा. जास्त ठेवली तर ती वाकते. पोलादी ठोकळ्यावर टेकवून, गोल तोंडाच्या लहान हातोडीने, तारेच्या कडेकडेने गोल फिरत हलके टोले द्या. दोन्ही बाजू आलटून पालटून. घाव जोराचा नको, पुष्कळ हवेत.

आधी डोक्याची पिन, आणि पातं दोन-चारदा उघडून मिटून बघा. ते दोन्ही पट्ट्यांच्या बरोबर मधे जातंय, कुठे तोंडाच्या काठाला घासत नाही, हे पटल्यावरच शेपटीची पिन पक्की करा. पातं एका पट्टीकडे झुकत असेल तर कड घासून जागा करू नका. दोष पाचरीच्या उतारात असतो. पाचर काढून एका अंगाने कागदावर दोन-तीन हात घासली की पातं मधे येतं.

वापरात आल्यावर दाढी झाली की मूठ आतूनही पुसा, वस्तरा थोडा उघडा ठेवून वाळू द्या. शिंगाच्या मुठीवर दोन-तीन महिन्यांनी लिक्विड पॅराफिनचा हलका हात फिरवा आणि वस्तरा बरेच दिवस पडून राहणार असेल तर अधूनमधून काढून बघा. लोकर खाणाऱ्या किड्याच्या अळ्या शिंगही खातात.